घरकर्जाचे हप्ते थकले तर: नोटिशीपासून लिलावापर्यंत काय करायचं

हिंजवडीतली किंवा चाकणची नोकरी जाते, घरात मोठं आजारपण निघतं, आणि दोन-तीन महिन्यांत घरकर्जाचा हप्ता मागे पडतो. मग बँकेचे फोन उचलणं बंद होतं, लिफाफे न फोडताच कपाटावर जातात. घाबरलेल्या माणसाचं असं होणं आपण समजू शकतो. पण त्या लिफाफ्यांत काही मुदती सुरू झालेल्या असतात आणि प्रत्येक मुदत संपली की हातातला एक पर्याय कमी होतो. म्हणून हा लेख तारखांच्या क्रमाने लिहिला आहे. तुम्ही आज कोणत्या टप्प्यावर आहात ते आधी ठरवा आणि तिथून वाचा. ज्यांच्या घरमालकाचं कर्ज थकलं आहे अशा भाडेकरूंसाठी शेवटी स्वतंत्र भाग आहे.

आधी कायदा थोडक्यात. २००२च्या सरफेसी कायद्यामुळे बँकेला दिवाणी कोर्टात दावा न लावता गहाण घराचा ताबा घेऊन ते विकता येतं. सरकारी, खासगी बँका आणि गृहवित्त कंपन्या हा कायदा वापरतात. सहकारी बँकाही वापरू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली स्पष्ट केलं. इतर वित्तीय कंपन्यांना, म्हणजे एनबीएफसींना, कर्ज २० लाख किंवा त्याहून जास्त असेल तरच हा मार्ग खुला आहे. काही अपवादही आहेत: येणं १ लाखापेक्षा जास्त नसेल, गहाण मालमत्ता शेतजमीन असेल किंवा येणं मुद्दल आणि त्यावरच्या व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी उरलं असेल, तर हा कायदा लागू होत नाही. कर्ज बरंचसं फिटलं असेल तर हे शेवटचं गणित जरूर करून पाहा. ते फार कमी लोक करतात.

पहिले ९० दिवस

हप्ता चुकल्यापासून ९० दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बुडीत वर्गातलं, होतं. त्याआधीच्या धोक्याच्या इशाऱ्याच्या पायऱ्यांना एसएमए म्हणतात. समजा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला आहे आणि ५ एप्रिलचा भरला गेला नाही. पुढेही काही भरलं नाही तर ५ मेला खातं एसएमए-१ होतं, ४ जूनला एसएमए-२ आणि ४ जुलैला एनपीए.

आता आकडे घालून पाहू. ३० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता साधारण २७,००० रुपये. एप्रिल, मे, जूनचे तीन हप्ते थकलेत. ३ जुलैला एक हप्ता, म्हणजे २७,००० रुपये भरले आणि ते सगळ्यात जुन्या थकबाकीत जमा झाले, तर मोजणी ५ मेपासून धरली जाते आणि खातं एनपीए होण्यापासून वाचतं. तेच पैसे ५ जुलैला भरले तर उपयोग नाही. एकदा एनपीए झालेलं खातं सगळी थकबाकी भरल्याशिवाय नियमित होत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तोवर चौथा हप्ताही देय झालेला असतो, म्हणजे १,०८,००० रुपये आणि वर शुल्क. दोन दिवसांत एवढा फरक पडतो. त्यामुळे थोडे पैसे हाताशी असतील तर ते नेमके कधी भरायचे हे तारीख बघून ठरवा. भरताना बँकेला ईमेलही करा: ‘ही रक्कम सर्वांत जुन्या हप्त्यात जमा करावी, शुल्कात वळवू नये.’

खात्यात पैसे नसताना हप्त्याची ऑटो-डेबिट सूचना परत गेली की दोन्ही बाजूंनी शुल्क लागतं. ती परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच कायद्याने गुन्हा ठरू शकतो. पैसे नसणार हे आधीच माहीत असेल तर हप्त्याच्या चार-पाच दिवस आधी शाखेत लेखी कळवा.

याच काळात बँकेकडे पुनर्रचनेचा, म्हणजे कर्जाचा हप्ता किंवा मुदत बदलून घेण्याचा, अर्ज करावा. अर्ज एक पानाचा पुरे. उत्पन्न कशामुळे आणि किती घटलं, आज दरमहा किती भरता येईल, आणि नेहमीचा हप्ता कोणत्या महिन्यापासून सुरू करता येईल, एवढ्या तीन गोष्टी आकड्यांत लिहा. सोबत नोकरी संपल्याचं पत्र किंवा हॉस्पिटलची बिलं आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडा. ‘कृपया सहकार्य करावे’ एवढंच लिहिलेले अर्ज फाइलमध्ये पडून राहतात. आकडा आणि तारीख असलेल्या अर्जावर अधिकाऱ्याला काहीतरी निर्णय लिहावा लागतो.

मुदत वाढवून किती फरक पडतो तेही समजून घ्या. वरच्या कर्जाला पाच वर्षं झाली असतील तर बाकी सुमारे २६.६ लाख असेल. उरलेल्या १५ वर्षांची २० केली तर हप्ता २७,००० वरून साधारण २४,००० होतो. २५ केली तर २२,३००. बहुतेक बँका निवृत्तीच्या वयापलीकडे मुदत नेत नाहीत, तेव्हा पन्नाशीतल्या माणसाला हा पर्याय फारसा मिळतच नाही. महिन्याला तीन-चार हजारांची ओढाताण असेल तर मुदतवाढ कामाची आहे. पगार निम्म्यावर आला असेल तर तिने प्रश्न सुटत नाही, फक्त पुढे जातो. तशा वेळी घर स्वतः विकण्याचा विचार आत्ताच, या ९० दिवसांत सुरू करावा. ऐकायला कठोर वाटेल, पण या टप्प्यावर विकणाऱ्याच्या हातात बऱ्यापैकी पैसे उरतात.

कर्ज घेताना सोबत विमा घेतला होता का, तेही कागद काढून पाहा. कर्जदाराचा मृत्यू झाला असेल तर त्या विम्यातून कर्ज फिटू शकतं, आणि काही पॉलिसींत गंभीर आजार किंवा नोकरी जाणंही येतं. मृत्यूनंतर घरच्यांना पॉलिसीची माहितीच नसते आणि हप्ते थकत राहतात, असं होऊ देऊ नका. पीएफमधून घरकर्जासाठी पैसे काढण्याची सोयही आहे. महिन्या-दोन महिन्यांची खिंड असेल आणि पैसे कधी येणार ते पक्कं माहीत असेल तर सोनेतारण चालेल. क्रेडिट कार्डावर पैसे काढून किंवा सावकाराकडून उचलून घरकर्जाचा हप्ता भरू नका. ९ टक्क्यांचं कर्ज फेडायला त्याच्या कितीतरी पट महाग कर्ज काढलं की घराबरोबर बाकीचंही जातं.

६० दिवसांची नोटीस

खातं एनपीए झाल्यावर बँक कलम १३(२) खाली नोटीस काढते. यात फक्त थकलेले हप्ते नसतात, संपूर्ण कर्ज ६० दिवसांत फेडा अशी मागणी असते. २७ लाखांचा आकडा बघून माणूस खचतो आणि कागद बाजूला ठेवतो. तसं न करता लिफाफा जपून ठेवा, मिळाल्याची तारीख त्यावर लिहा आणि नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करा.

नोटीस नाकारून काही थांबत नाही. घ्यायला नकार दिला तर ती दारावर चिकटवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक मराठी. मग सगळी सोसायटी वाचते. सहकर्जदार आणि जामीनदार यांनाही नोटीस जाते, तेव्हा त्यांना ती पोस्टातून कळण्याआधी तुम्हीच सांगा.

नोटिशीत तपासायच्या गोष्टी: एनपीएची तारीख वर सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे का, तुम्ही भरलेली प्रत्येक रक्कम जमा दिसते का, फ्लॅट क्रमांक, सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ तुमच्या खरेदीखताशी जुळतं का, सही अधिकृत अधिकाऱ्याची, म्हणजे बँकेने या कारवाईसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची, आहे का. दंडाचा हिशेब वेगळा मागवा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकानुसार हप्ता चुकल्याबद्दल दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क लावता येतं, आणि ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. जुन्या कर्जांनाही २०२४च्या मध्यापर्यंत हा नियम लागू झाला. हिशेबात चूक सापडली तर ती रकमेसह लिहून काढा.

मग उत्तर द्या. कलम १३(३अ) खाली तुम्हाला लेखी हरकत घेता येते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने कारणांसह उत्तर देणं बंधनकारक आहे. भाषा वकिली नसली तरी चालेल. पहिल्या परिच्छेदात कर्ज खात्याचा क्रमांक आणि नोटिशीची तारीख, दुसऱ्यात हिशेबातल्या चुका, तिसऱ्यात तुमचा प्रस्ताव: किती रक्कम, कोणत्या तारखेला, कुठून येणार. पत्र अधिकृत अधिकाऱ्याच्या नावाने स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, ईमेल करा आणि शाखेत एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घ्या. हा शिक्का पुढे फार उपयोगी पडतो. बँकेने हरकत नाकारली म्हणून लगेच डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येत नाही. त्यासाठी पुढची कारवाई व्हावी लागते. पण तेव्हा बँकेने उत्तरच दिलं नाही हा तुमचा ठोस मुद्दा असतो आणि तो हा शिक्का सिद्ध करतो.

एक बंधन लक्षात ठेवा. ही नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. ‘आता नातेवाइकाच्या नावाने भाडेकरार करून ठेवा, म्हणजे ताबा घेता येणार नाही’ असा सल्ला देणारे भेटतात. नोटिशीनंतर केलेला असा करार टिकत नाही.

घर स्वतः विकणं

लिलावात घर कमी भावात जातं याची कारणं साधी आहेत. मालमत्ता ‘आहे तशी, आहे तिथे’ या अटीवर विकली जाते, सोसायटीची आणि महापालिकेची थकबाकी खरेदीदाराच्या गळ्यात पडते, आत कोण राहतं याची खात्री नसते आणि २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी भरावी लागते. एवढी जोखीम घेणारा भाव पाडूनच मागतो. उघड बाजारात, बँकेच्या संमतीने तुम्ही विकलंत तर यातलं काही आड येत नाही.

प्रक्रिया अशी. बँकेकडून दोन कागद लेखी मागा: कर्ज पूर्ण बंद करायला लागणारी रक्कम दाखवणारं पत्र (बँकेत याला फोरक्लोजर लेटर म्हणतात) आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी. पत्रातली रक्कम ठरावीक तारखेपर्यंतच धरलेली असते, तेव्हा ते व्यवहार जवळ आल्यावर पुन्हा घ्यावं लागेल. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. कोणी मागितला तर नियम दाखवायला सांगा. सोसायटीची ना हरकत आणि मेंटेनन्सची बाकी, पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मिळकतकराची पावती, महावितरणचं बिल हे आधीच गोळा करा.

खरेदीदाराला कर्जाची आणि नोटिशीची गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. लपवलं तर त्याच्या वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये ते निघतंच, आणि मग ठरलेला व्यवहार महिन्याभराने मोडतो. तुमच्याकडे तो महिना नसतो. पैसे असे फिरतात: खरेदीदार किंवा त्याची बँक तुमच्या कर्ज खात्यात बाकी रक्कम थेट भरते, तुमची बँक नोंद करून मूळ कागद सोडते आणि उरलेली रक्कम तुम्हाला खरेदीखताच्या वेळी मिळते. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापेल, तो हिशेबात धरा. भांडवली नफ्यावरचा करही तुमच्यावर आहे. घर बँकेने लिलावात विकलं तरी तो चुकत नाही.

यात वेळ जातो तो खरेदीदाराच्या कर्जमंजुरीत. त्याला काही आठवडे सहज लागतात, म्हणून ६० दिवसांच्या नोटिशीची वाट न पाहता सुरुवात करावी म्हणतो ते याचसाठी. शाखेला दर पंधरवड्याला ईमेलने कळवत राहा: कोण बघून गेलं, काय भाव आला, टोकन कधी मिळालं. खरा ग्राहक आहे हे दिसलं की लिलावाची घाई बऱ्याचदा कमी होते.

अडचणीतल्या घरमालकाच्या आसपास लगेच माणसं जमतात. ‘बँकेत आमची ओळख आहे, निम्म्यात सेटल करून देतो, आधी पन्नास हजार द्या’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. कर्ज भरून देतो म्हणत मुखत्यारपत्रावर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागणाऱ्याला तर मुळीच सही देऊ नका. बँकेशी तडजोड तुम्ही स्वतः करू शकता, त्याला मध्यस्थ लागत नाही.

त्या तडजोडीबद्दल थोडंसंच. एकरकमी परतफेड, म्हणजे ओटीएस, हा तुमचा हक्क नाही. देणं-न देणं बँकेच्या हातात आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलं आहे. चांगल्या वस्तीतल्या फ्लॅटचं तारण असताना बँक मुद्दलात सूट क्वचितच देते. दंड आणि थोडं व्याज सुटतं. मिळालेल्या पत्रातली अंतिम तारीख पाळता येणार नसेल तर सही करू नका, कारण ती चुकली की सूट जाते. शिवाय क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते, ती ‘क्लोज्ड’सारखी नसते.

ताबा

६० दिवस उलटले की बँक कलम १३(४) खाली ताब्याची नोटीस दारावर लावते आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापते. बहुतेक वेळा हा सांकेतिक ताबा असतो: कागदावर ताबा बँकेचा, राहता मात्र तुम्हीच. म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि इथेच मोठी चूक होते. कलम १७ खाली डीआरटीत जाण्याची ४५ दिवसांची मुदत या कारवाईपासून मोजली जाते, कुलूप लागल्यापासून नाही.

डीआरटी पुण्यात आहे, त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. तिच्या निकालावरचं अपील मात्र मुंबईच्या अपिली न्यायाधिकरणात जातं. दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणता येत नाही, कलम ३४ ने तो रस्ता बंद केला आहे. कर्ज १० लाख किंवा जास्त असेल तर कर्जदाराला अर्जाचं शुल्क ५,००० रुपये आणि १० लाखांवरच्या प्रत्येक लाखाला २५० रुपये. २७ लाखांच्या मागणीवर ते ९,२५० होतं. कमाल मर्यादा १ लाख. वकिलाची फी वेगळी. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. त्यासाठी शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

तिथे कशाने काम होतं ते स्पष्ट असलेलं बरं. नोटीस योग्य रीतीने बजावली नाही, ६० दिवस पुरे होऊ दिले नाहीत, हरकतीला उत्तर दिलं नाही, भरलेली रक्कम धरली नाही, वर्तमानपत्रातली प्रसिद्धी नियमाप्रमाणे झाली नाही, अशा मुद्द्यांवर सुनावणी होते. ‘नोकरी गेली, मुलं शाळेत आहेत’ हे कितीही खरं असलं तरी तेवढ्यावर कारवाई रद्द होत नाही. स्थगिती मिळाली तरी बहुधा काही रक्कम ठरावीक दिवसांत भरण्याच्या अटीवर मिळते. ती भरण्याची सोय नसेल तर वकिलाच्या फीवर पैसे घालवण्याआधी नीट विचार करा.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करते. या अर्जावर ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत आदेश व्हावा असं कायदा सांगतो. तिथे कर्जाच्या खरेखोटेपणावर सुनावणी होत नाही, तेव्हा कलेक्टर कचेरीत गाऱ्हाणं घेऊन खेटे घालण्यात ४५ दिवसांतले दिवस घालवू नका.

ताब्याच्या दिवशी तहसीलदारांचा माणूस किंवा नेमलेला कमिशनर, बँकेचा अधिकारी, पंच आणि पोलीस येतात. तारीख कळली की आदल्या आठवड्यातच औषधं, दागिने, शाळेचे दाखले, आधार-रेशनकार्ड, घराचे कागद बाहेर काढून ठेवा. आत राहिलेल्या प्रत्येक सामानाची नोंद पंचनाम्यात करून घ्या, खोलीनिहाय मोबाइलवर व्हिडिओ करा आणि पंचनाम्याची प्रत मागा. गहाण घर आहे. फ्रिज, पलंग, भांडी तुमची आहेत. ती नेण्यासाठी अधिकृत अधिकाऱ्याला लेखी अर्ज करून दिवस ठरवून घ्या. रागाच्या भरात सील तोडू नका, त्याने फौजदारी प्रकरण मागे लागतं.

लिलाव

विक्रीपूर्वी बँकेने मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून राखीव किंमत, म्हणजे लिलावातली किमान किंमत, ठरवायची असते आणि तुम्हाला ३० दिवसांची विक्रीची नोटीस द्यायची असते. पहिला लिलाव फसला तर पुढच्याला १५ दिवसांची नोटीस पुरते. राखीव किंमत पाहून गप्प बसू नका. तुमच्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स-२, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचे उतारे, नोंदणी विभागाच्या ई-सर्च या ऑनलाइन सोयीवर मिळतात. ते दोन-तीन काढा, रेडीरेकनरचा दर जोडा आणि किंमत कमी धरली असेल तर लगेच लेखी हरकत घ्या. बोली लागून विक्री कायम झाल्यावर हे कागद दाखवण्याला फारसा अर्थ उरत नाही.

सगळे पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क कुठवर असतो? पूर्वी लोक म्हणत, बोली लागेपर्यंत. २०१६च्या दुरुस्तीनंतर तो लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं. भाऊ, मेहुणा, गावची जमीन अशी कुठूनही रक्कम उभी राहणार असेल तर ती या तारखेच्या आधी, खर्चासह पूर्ण भरलेली हवी.

विक्रीतून कर्ज आणि खर्च भागून पैसे उरले तर ते तुमचे. ते आपोआप येतील म्हणून थांबू नका. विक्रीची रक्कम, खर्च आणि शिल्लक यांचा हिशेब लेखी मागा. कमी पडले तर उरलेल्या रकमेसाठी बँक तुमच्यावर आणि जामीनदारांवर वेगळी वसुली करू शकते.

वसुलीवाले आणि पतसंस्था

वसुली एजंटाला सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७च्या नंतर फोन करण्याची परवानगी नाही. शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर अपमान, नातेवाइकांना फोन हेही नियमबाह्य आहे. ओळखपत्र आणि बँकेचं नेमणूकपत्र मागा, कॉल रेकॉर्ड करा, बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा (माहितीसाठी १४४४८), गृहवित्त कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे. धमकी आली तर सरळ पोलीस ठाणं. या तक्रारींनी लिलाव थांबत नाही, म्हणून त्या चालू असताना वरच्या मुदती विसरू नका.

कर्ज पतसंस्थेचं असेल तर रस्ता वेगळा. तिथे सरफेसी नाही आणि डीआरटीही नाही. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधक कार्यालयातून वसुली दाखला निघतो आणि वसुली अधिकारी जप्ती-लिलाव करतो. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. त्यामुळे खरी लढाई दाखला निघण्याआधीच्या सुनावणीत आहे. पासबुक आणि पावत्या घेऊन त्या तारखेला हजर राहा.

तुम्ही भाडेकरू असाल तर

भाडं वेळेवर देत असतानाही एक दिवस दारावर बँकेचा कागद चिकटलेला दिसतो. त्याच दिवशी घर सोडायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. कागदाचा फोटो काढा आणि तो सांकेतिक ताब्याचा आहे, कलम १४ च्या आदेशाचा आहे की लिलावाचा, ते वाचा. मग त्यावर दिलेल्या क्रमांकावर अधिकृत अधिकाऱ्याशी बोला, नोंदणीकृत कराराची प्रत ईमेल करा आणि घर रिकामं करायला किती दिवस हवेत ते लेखी मागा. शांतपणे रिकामं मिळणारं घर बँकेलाही सोयीचं असतं, त्यामुळे महिना-दीड महिना अनेकदा मिळतो.

पुण्यातले बहुतेक ११ महिन्यांचे करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात. त्यातून राहण्याची परवानगी मिळते, घरात कुळाचा हक्क तयार होत नाही. म्हणून बँकेसमोर अशा कराराचा जोर कमी पडतो, तरी तो नोंदवलेला असला तर तुम्ही कधीपासून आणि कशाच्या आधारावर राहता हे सिद्ध होतं.

पेठांमधल्या वाड्यांतली जुनी भाडेकरू कुटुंबं वेगळ्या जागी उभी आहेत. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या, गहाणाच्या आधीपासूनच्या भाडेकरूला सरफेसीखाली सहज बाहेर काढता येत नाही, असं २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. २०१९च्या निकालाने मात्र तोंडी भाडेकरारावर भिस्त ठेवणाऱ्यांना पुरावा मागितला. भाडेपावत्या, जुनी वीजबिलं, मिळकतकराच्या आकारणीत भोगवटादार म्हणून असलेलं नाव, रेशनकार्ड हे सगळं सालवार लावून ठेवा. कलम १७(४अ) खाली भाडेकरूही डीआरटीत जाऊ शकतो, आणि ४५ दिवसांची मुदत त्यालाही आहे.

भाडं कोणाला द्यायचं? बँकेची लेखी सूचना येईपर्यंत मालकाला, पण फक्त खात्यावर, रोख नाही. भाडं बँकेकडे भरण्याची लेखी नोटीस आली तर ते बँकेत भरून पावती घ्या. ती पावती मालकाच्या मागणीला उत्तर आहे.

उरतो डिपॉझिटचा प्रश्न. ते परत करण्याची जबाबदारी मालकाची असते, बँक किंवा लिलावात घर घेणारा सहसा एक रुपयाही देत नाही. कर्ज थकलेल्या मालकाकडे रोख रक्कम नसते, तेव्हा ते राहून वसूल करणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. डिपॉझिट १ लाख आणि भाडं २५,००० असेल तर चार महिने भाडं त्यातून वळतं करण्याची मालकाची संमती एका कागदावर सहीने घ्या, निदान व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. हे पहिली नोटीस दिसताच करायचं, कारण ताब्याची तारीख लागल्यावर राहायला चार महिने मिळत नाहीत.

पुढचं घर घेताना टोकन देण्याआधी ई-सर्चवर त्या फ्लॅटचे दस्त पाहा. घरकर्जाच्या गहाणाची सूचना महाराष्ट्रात नोंदवावी लागते, ती तिथे दिसते. कर्ज असणं वावगं नाही, पुण्यातल्या निम्म्याअधिक भाड्याच्या फ्लॅटवर ते असेल असंच धरून चाला. मालकाकडून कर्जाचं चालू स्टेटमेंट मागा, सोसायटीच्या कार्यालयात बँकेचं काही पत्र आलंय का विचारा, आणि स्टेटमेंट दाखवायला टाळाटाळ झाली तर दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट देऊ नका.